त्या दिवशी ऊन होतं

मगदूम सर वर्गात आले की हजेरी नंतर, आधी हवा. पुस्तक टेबलावर आपटायचं, खिडकीजवळच्या बाकावरच्या कुणाकडे तरी बोट करायचं आणि म्हणायचं, "ए, हवा सांग."

ज्याच्यावर बोट येईल त्यानं उठून बाहेर बघायचं आणि दिसेल ते सांगायचं. ढग आहेत का, असले तर कुठल्या बाजूला, कसल्या रंगाचे. वारा कुठून येतोय. रस्ता ओला आहे की कोरडा. ते फळ्याच्या कोपऱ्यात तारखेखाली लिहिलं जायचं आणि मग कविता सुरू व्हायची. आम्ही कोल्हापुरातल्या एका साध्या कॉलेजात बी.ए.ला इंग्रजी घेतलेली पोरं. अभ्यासाला दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज रोमँटिक कवींच्या कविता, म्हणजे वादळ, धुकं, पानगळ, डोंगर आणि त्यातून एकटा फिरणारा कवी. परीक्षेत प्रश्न ठरलेला असे की या कवितेत निसर्ग कवीची मनःस्थिती कशी व्यक्त करतो. गाइडात उत्तरही ठरलेलं: कवी दुःखी आहे म्हणून आकाश काळवंडले आहे. हे वाक्य ज्याच्या पेपरात सापडेल त्याचा पेपर सर वर्गात मोठ्यानं वाचून दाखवत.

माझ्यावर बोट आलं तो दिवस मला चांगला आठवतो. घरी माझ्या लग्नाची बोलणी चालली होती आणि मला शिकायचं होतं. सकाळी त्यावरून आईशी भांडून आले होते. मी खिडकीतून बघितलं आणि म्हणाले, "सर, हवा उदास आहे."

"काय हाय?"

"उदास."

"ढगाला काय झालंय उदास व्हायला? त्याचं लगीन ठरवालेत काय घरात?"

वर्ग खो खो हसला. सरांना माझ्या घरातलं काहीएक ठाऊक नव्हतं, पण माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सरांनी ते बघितलं, आणि आवाज तसूभरही खाली न आणता म्हणाले, "उदास तू हाईस, शिंदे. ते सांग की. त्यात लाजायचं काय हाय? ढग करडा हाय. पन्हाळ्याकडनं निघालाय आन् आपल्या वाटंनं चाललाय. त्याला कशाला मधी घेतीस?"

मला भयंकर राग आला. आठवडाभर मी त्यांच्याकडे बघितलं नाही. आज इंग्रजीची प्राध्यापक होऊन मला वीस वर्षं होत आली, त्याच कॉलेजात, त्याच जिन्यानं चढते, आणि अजूनही तो प्रसंग आठवला की राग येतो. आता सरांचा येत नाही, माझा येतो. कारण जे त्यांनी मला त्या दिवशी शिकवलं ते मी पुढे विसरले, आणि विसरले तेही सगळ्यांत वाईट वेळी.

सर बुटके होते, मनगटं जाड, आवाज मळ्यातून बांधावरच्या माणसाला हाक मारावी तसा. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं. इंग्रजी इतकं स्वच्छ की बाहेरून आलेले पाहुणे प्राध्यापक दबून बोलायचे. आणि मराठी थेट शिरोळकडच्या काळ्या रानातलं. ते त्यांनी कधी धुवून घेतलं नाही. त्यांचं गाव नदीकाठचं, घरची उसाची शेती, चार म्हशी, म्हातारी आई आणि शेती बघणारा धाकटा भाऊ सुकुमार. सर आठवडाभर कोल्हापुरात खोली घेऊन राहत आणि शनिवारी दुपारच्या एसटीनं गावी जात. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, असं एका नव्या प्राध्यापकानं एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "तू केलंयस न्हवं? मग झालं की."

घर जैनाचं. दिवस मावळल्यावर अन्नाचा कण घ्यायचा नाही हा नियम त्यांनी हयातभर पाळला, आणि तो ते घड्याळ बघून पाळत नसत. स्टाफ मीटिंग लांबली की सर मान वळवून पश्चिमेच्या खिडकीकडे बघत, आणि मग प्राचार्य बोलत असताना शांतपणे डबा उघडत. एका प्राचार्यांनी एकदा टोकलं, "मगदूम, दहा मिनिटं थांबला असतात." सर भाकरी मोडता मोडता म्हणाले, "मी थांबतो की सर. सूर्याला तेवढं तुम्ही सांगा."

याच प्राचार्यांच्या निरोप समारंभाला मे महिन्यात आम्ही सगळे हॉलमध्ये बसलो होतो. बोलणाऱ्या एका मॅडमनी गदगदून सांगितलं की आज सरांच्या जाण्यानं आभाळसुद्धा भरून आलंय. तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "वळवाचं दिस हायेत बाई. सायेब गेलं काय आन् ऱ्हायलं काय, चार वाजता पडणारच की." त्या मॅडम पुढे वर्षभर सरांशी बोलल्या नाहीत. पाऊस मात्र चारला नाही, साडेचारला पडला, आणि सरांनी ते स्वतःहून कबूल केलं.

हे ऐकून कुणाला वाटेल की माणूस रुक्ष होता, कवितेचा वैरी होता. असं म्हणणारे कॉलेजात होतेच. त्यांनी सरांना पन्हाळ्यावर बघायला हवं होतं. दर पावसाळ्यात सर आम्हाला एसटीनं वर घेऊन जात. धुकं इतकं की पुढच्या माणसाची पाठ दिसू नये. तिथे तटावर उभं राहून त्यांनी एकदा एक लांबच लांब इंग्रजी कविता पाठ म्हटली, डोळे मिटून, भिजत. आम्ही कुडकुडत होतो आणि कुणी हललं नाही. संपल्यावर त्यांनी चेहरा पुसला आणि भांडायला उठल्यासारखे म्हणाले, "ह्यो माणूस डोंगरात चालत गेलता. भिजलाय, पडलाय, तवा कुठं त्यानं वाऱ्याला आपलं दुःख दिलं. आन् देताना त्याला ठावं हुतं की वाऱ्याला त्यातलं काय बी कळत न्हाय. म्हणून ती कविता एवढी एकटी वाटती. तुम्ही गाइड उघडता आन् वाऱ्याला रडायला बसवता. चला, च्या प्यायला."

मला कविता म्हणजे काय ते त्या वाक्यात पहिल्यांदा कळलं. घरच्यांशी भांडून मी पुढे शिकले ते त्या बळावर.

मी सरांच्याच कॉलेजात शिकवायला लागले होते, तेव्हा तो मोठा पूर आला.

आठ दिवस पाऊस तुटून पडला. सरांच्या गावातली माणसं उंचावरच्या शाळेत, छावणीत हलवली. रस्ते बंद असल्यामुळे सर कोल्हापुरात अडकले होते. नवव्या दिवशी पाऊस थांबला आणि लख्ख ऊन पडलं. पाणी वीतभर उतरलं. छावणीतून माणसं बाहेर आली, भिंतींवर, दगडांवर, सायकलींवर कपडे वाळत पडले. आणि मग बॅटरीवरचा भोंगा वाजला. गावातल्या दूध संस्थेचा चेअरमन भोंग्यावरून सांगत होता की ऊन पडलंय, पाणी उतरतंय, ज्यांची जनावरं मागे उंच मळ्यांतल्या गोठ्यात आहेत त्यांनी जाऊन दूध काढून आणावं, संस्थेची गाडी मळ्यापर्यंत येईल. सुकुमार गेला. त्याच्यासोबत आणखी तिघे गेले. इकडे ऊन होतं, पण वर घाटात पाऊस कोसळतच होता, आणि ते पाणी दुपारी खाली आलं. तिघे झाडाला धरून वाचले. सुकुमार दोन्ही हातांत किटल्या घेऊन ओढ्याच्या पुलावर होता. तो तिसऱ्या दिवशी उसात सापडला.

सर पंधरा दिवसांनी कॉलेजात आले. दाढी वाढलेली, शर्ट तोच पांढरा. पहिल्या तासाला "हवा सांग" म्हणाले. जसं काही झालंच नव्हतं.

त्याच महिन्यात कॉलेजात पूरग्रस्तांसाठी काव्यवाचन झालं. मागे मोठा फलक, 'निसर्गाचा कोप'. एकामागून एक कवी आले. कुणाच्या कवितेत नदी चवताळली, कुणाच्या कवितेत आई लेकरांवर रुसली, कुणाच्या कवितेत आभाळानं सूड घेतला. टाळ्या पडत होत्या. सर मागून उठले आणि चालत स्टेजपर्यंत गेले. माईक कुणी दिला नाही, त्यांना लागतही नव्हता.

"नदी कोपली म्हंजे काय झालं?" ते म्हणाले. "मी लहानपणापासनं तिच्यात पोहलोय. ती कोपत न्हाय, रुसत न्हाय, तिला तुमचं नाव सुद्धा ठावं न्हाय. पाणी आलं. कुठनं आलं, कुणाला ठावं हुतं, कुणी कुणाला काय सांगितलं, हे इचारायचं सोडून कोप म्हणून मोकळं व्हायचं? नदीला नोटीस काढणार हाय काय कोण?"

मग संयोजकांनी सरांच्या दुःखात सगळे सहभागी आहेत असं काहीतरी सांगून पुढच्या कवीला बोलावलं. पुढच्या कवीनं नदी आणखी एकदा चवताळून दाखवली.

आता माझं सांगते. कॉलेजच्या वार्षिक अंकाची मी संपादक. अंक पूरविशेषांक काढायचा ठरला. सरांवर माझा जीव होता, त्यांच्यासाठी काहीतरी करावं असं वाटत होतं, म्हणून मी सुकुमारवर लेख लिहिला. सरांना न विचारता. त्यांना बरं वाटेल, अशी माझी कल्पना. एका बैठकीत लिहून टाकला आणि लिहिताना मी रडलेसुद्धा. त्यात मी लिहिलं की त्या दिवशी आभाळ फाटलं होतं, मुसळधार पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, जणू सुकुमारच्या जाण्याचं दुःख त्या आभाळालाच आधी कळलं होतं, आणि अशा पावसात हा वेडा माणूस आपल्या मुक्या जनावरांसाठी निघाला होता.

त्या दिवशी कोल्हापुरातही ऊन होतं. मी स्वतः गच्चीवर चादरी वाळत घातल्या होत्या. तरीही मी पाऊस लिहिला. ऊन लिहिलं तर मरण खरं वाटणार नाही, असं माझ्या आत कुठेतरी पक्कं बसलेलं होतं. इतकी वर्षं हवा सांगून मी एवढंच शिकले होते.

अंक छापून आल्यावर महिन्याभरानं सर स्टाफरूममध्ये आले. हातात अंक. माझ्यासमोर ठेवला, पान उघडून.

"शिंदे, तू तिथं हुतीस?"

"नाही, सर."

"मग पाऊस कुठनं आणलास?"

त्यांनी खुर्ची ओढली, बसले आणि काय झालं होतं ते सांगितलं. माणूस गेला म्हणून तालुक्याहून चौकशी लागली होती. भोंग्यावरून लोकांना परत पाठवलं कुणी, हा प्रश्न होता. चेअरमन म्हणत होता की मी कसला भोंगा लावतो, त्या दिवशी धो धो पाऊस होता, अशा पावसात मी लोकांना जा म्हणेन काय? सुकुमार हट्टी होता, कुणाचं ऐकलं नाही, आपल्या पायानं गेला. छावणीत वीज नव्हती, फोन बंद पडलेले, त्यामुळे कुणाकडे फोटो नव्हते. जे तिघे वाचले त्यांचं दूध त्याच संस्थेत जात होतं, त्यांनी भोंगा ऐकलाच नाही असा जबाब दिला. आणि पुरावा म्हणून चेअरमननं चौकशीच्या साहेबांपुढे ठेवला होता आमचा अंक. सुकुमारच्या सख्ख्या भावाच्या कॉलेजनं छापलेला. मुसळधार पाऊस आणि वेडा माणूस, दोन्ही माझ्या सहीनं.

"गाव काय म्हणालंय ठावं हाय?" सर म्हणाले. "सुकुमार खुळा हुता. पावसात म्हशीपायी मेला. त्याच्या बायकूच्या तोंडावर म्हणत्यात. माझा भाऊ खुळा नव्हता, शिंदे. ऊन बघून गेला. कुणी बी गेला असता. मला बाकी काय नको. त्या कागदावर ऊन पायजे."

मी माफी मागेन याची वाटही त्यांनी बघितली नाही. "शनिवारी चल," म्हणाले.

पुढचे सहा शनिवार मी त्यांच्याबरोबर गावी गेले. सरांनी युक्ती काढली होती. भोंग्याबद्दल विचारलं की बायका गप्प होतात, हे त्यांना कळलं होतं. म्हणून ते भोंग्याचं नावच काढत नसत. दारात उभं राहून विचारत, "त्या दिवशी छावणीत काय वाळत घातल्यालं तुम्ही?" एवढंच. कुणी सांगे गोधड्या. कुणी सांगे पोरांची दप्तरं. एकीनं भिजलेले तांदूळ लुगड्यावर पसरले होते आणि ते दुपारपर्यंत कडकडीत झाले होते. एका म्हातारीनं देवाचे फोटो वाळवले होते. मी ते वहीत लिहून घेत होते. सतरा घरांतून सतरा बायकांनी काय काय वाळत घातलं ते. वाळत घातलं म्हणजे ऊन आलंच, आणि ऊन सांगताना कुणाला भीती वाटत नव्हती. असा पुरावा गोळा करणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

घरोघर फिरून आम्ही सरांच्या घरी चहाला येत असू. पूर ओसरल्यावर भिंतींवर छातीएवढ्या उंचीची चिखलाची रेघ राहिली होती. सुकुमारची बायको सुनंदाताई आत चुलीपाशी असत. घरात सरांना सगळे आण्णा म्हणत. थोरल्या दिरासमोर धाकट्या भावजयीनं बसायचं नाही, समोरासमोर बोलायचं नाही, ही त्या घरची रीत, आणि सरांसारख्या माणसानंही ती कधी मोडली नव्हती. ते आईला सांगत, "आव्वा, तिला च्या टाकाय सांग." आव्वांना ठार ऐकू येत नसे. त्यामुळे निरोप इतक्या मोठ्यानं दिला जाई की तो सुनंदाताईंना थेट पोचे, पण रीत पाळली असं सगळे धरून चालत. चहाचा कप सुनंदाताई उंबऱ्यावर ठेवत, आव्वा तो पुढे सरकवत. मी तिथे बसून हे बघत होते. वही माझ्या मांडीवर उघडी होती.

चौकशीची तारीख आली. तालुक्याच्या कचेरीत एका खोलीत टेबलामागे साहेब, बाजूला चेअरमन आणि त्याची चार माणसं, समोर आम्ही. सतरापैकी किती बायका आल्या? चार. बाकीच्यांच्या घरी आदल्या दिवशी संस्थेची माणसं जाऊन आली होती. अजूनही मला त्या माणसांचे चेहरे आठवले की हात शिवशिवतात.

आधी मला उभं केलं. साहेबांनी अंक दाखवला. "हे तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"मग त्या दिवशी पाऊस होता?"

"नाही. ऊन होतं. मी तिथे नव्हते. पाऊस मी मनानं घातला."

"म्हणजे हे खोटं आहे?"

"खोटं आहे."

चेअरमन हसला. "बाई, छापल्यालं खोटं कसं आसंल? आन् आसंल, तर आज तुम्ही खरं बोलताय कशावरनं?"

खोलीतली माणसं हसली. मी खाली बसले. चार बायकांपैकी दोघी नीट बोलल्या, तिसरी गोंधळली, आणि तांदूळवाली, जिच्यावर सरांची सगळी मदार होती, ती जमिनीकडे बघत म्हणाली, "आता ध्यानात न्हाय सायेब, लई दिस झालं." सर उभे राहिले आणि वहीतलं वाचून दाखवू लागले. साहेब म्हणाले, वही तुमची, अक्षर या बाईंचं, याला काय अर्थ आहे? सरांचा आवाज चढला. साहेबांनी बसायला सांगितलं. सर बसले नाहीत. साहेब कागद गोळा करू लागले.

तेवढ्यात मागच्या बाकावरून सुनंदाताई उठल्या. आव्वांनी घरातलं कुणीतरी असावं म्हणून त्यांना पाठवलं होतं, आणि त्या सकाळपासून डोक्यावर पदर घेऊन भिंतीला लागून बसल्या होत्या.

"मला सांगायचं हाय," त्या म्हणाल्या.

सर गर्रकन वळले. सुनंदाताईंकडे न बघता साहेबांना म्हणाले, "तिला नको ह्यात, सायेब. तिला काय ठावं न्हाय."

"मलाच ठावं हाय," सुनंदाताई म्हणाल्या. "आण्णा, तुमी बसा."

सर बसले. मी त्यांच्या शेजारी होते. त्यांनी वही मिटली.

"ऊन हुतं सायेब," त्या म्हणाल्या. "पाक डोळं दिपावं असलं ऊन. नवाच्या सुमाराला भोंगा वाजला. ह्या चेअरमनचाच आवाज. ऊन पडलंय, पाणी उतरालंय, दूध काढून आणा. आमचं मालक जायला तयार नव्हतं. म्हनलं, पाण्याचा काय भरवसा, सांजपातूर बघू. मीच म्हनलं, जावा. चार दिस झालं म्हशी पिळल्या न्हाईत, कास तटली आसंल. भोंग्यावर सांगत्यात म्हंजे बघूनच सांगत आसतील की. आन् ऊन बघा, म्हनलं, किती चांगलं पडलंय. मी म्हनलं म्हणून गेलं. मीच किटल्या हातात दिल्या. खुळं नव्हतं ते. लिवून घ्या. सही येती मला."

चेअरमन काहीतरी बोलायला गेला. साहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि लिहायला घेतलं. आपल्या नवऱ्याला आपण पाठवलं, असं चारचौघांत, सासरच्या माणसांसमोर, खोटं कोण सांगेल? हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं होतं. तांदूळवाली बाई उठली आणि म्हणाली, "सायेब, माझं बी परत घ्या. आलं ध्यानात."

अहवाल दोन महिन्यांनी आला. भोंग्यावरून सूचना दिली गेली आणि त्या वेळी ऊन होते, असं त्यात लिहिलं आहे. चेअरमन आजही चेअरमन आहे. पुढच्याच निवडणुकीत तो परत निवडून आला, गुलाल उधळला, मिरवणूक सरांच्या दारावरून नेली. कुणाला वाटत असेल की कागदावर खरं आलं म्हणजे झालं, तर त्यानं जाऊन तो गुलाल बघायला हवा होता. पण सुकुमारला खुळा म्हणायची गावात पुन्हा कुणाची छाती झाली नाही, तेवढं झालं.

सर त्या वर्षाअखेरीस रिटायर झाले आणि निरोप समारंभ नको म्हणून सांगून गावी गेले. कोल्हापूरला पुन्हा आले नाहीत. फोनवर बोलणं त्यांना जमत नाही. माझ्या डोळ्यांसमोर राहिलेत ते चौकशीच्या दिवशीचे सर, कचेरीतून निघाल्यावर, स्टँडवरचे.

कचेरीतून स्टँडपर्यंत पुढे सर, मागे दहा पावलांवर सुनंदाताई, मध्ये मी. स्टँडवर पोचल्यावर सर एकदम माझ्यावर ओरडले, जणू चूक माझीच होती. "सतरा घरं फिरलो! सतरा! आन् आपल्या घरात..." मला सांगायचं होतं की सर, वही माझ्या हातात होती, मी बाईमाणूस, मी आत चुलीपाशी जाऊन बसू शकले असते, मीही विचारलं नाही.

गावची एसटी लागली. सुनंदाताई चढून पुढच्या एका बाकाच्या कडेला बसल्या. गाडी निम्मी रिकामी होती. रीतीप्रमाणे सरांनी मागे कुठेतरी बसायचं. ते मागे गेले, पिशवी वर ठेवली, आणि परत पुढे येऊन त्यांच्या बाकापाशी उभे राहिले.

"सुनंदा, जरा तिकडं सरक."

सगळी गाडी बघायला लागली. सुनंदाताईंनी पदर ओढला. "आण्णा, लोकं बघत्यात."

"बघू देत. सरक."

त्या सरकल्या. सर बसले. मी खाली खिडकीपाशी उभी होते. सुनंदाताई समोरच्या बाकाकडे बघत म्हणाल्या, "एवढं गाव फिरलासा. मला का न्हाय इचारलं?"

"चुकलं माझं," सर म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. "आता इचारतोय. पयल्यापासनं सांग. सुकुमार काय म्हनला, तू काय म्हनलीस. समदं सांग."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली तेव्हा सुनंदाताई बोलायला लागल्या होत्या, हात हलवून, भराभर, आणि इंजिनाच्या आवाजात ऐकू यावं म्हणून सर त्यांच्याकडे वाकून बसले होते.